पाहुणीचा ढेकर

लग्नानंतरची पहिली दोन-तीन वर्षं सोडली, तर आमचे हे कधी आडवे झोपले नाहीत. पाठीला तीन उशा, मागे दुमडून ठेवलेली जाड रजई आणि त्यावर टेकून बसलेला नवरा, अशी आमच्या पलंगाची एक बाजू कायम असायची. लेक लहान असताना तिला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा बसून झोपतात. एकदा मैत्रिणीच्या घरी राहून आली आणि मला बाजूला घेऊन काळजीने म्हणाली, "आई, तिचे बाबा मेल्यासारखे झोपतात."

कारण साधं होतं. अन्ननलिका जिथे पोटाला मिळते तिथलं यांचं दार सैल झालं होतं. उभं राहिलं, बसलं तर निभायचं. आडवं झालं की पोटातलं आंबट पाणी थेट घशात. गोळ्या चालू होत्या, त्यांनी जळजळ कमी व्हायची. पण पाण्याला गोळीचं काय भय? ते आपलं वर यायचंच. घसा जळून जळून यांचा आवाज बसला तो बसलाच. फोनवर नवी माणसं विचारायची, "झोपमोड केली का?" हे म्हणायचे, "नाही हो, झोपायला अजून जमलेलं नाही."

आणि गंमत अशी, की यांचा धंदाच झोपवण्याचा. लोकांना मी सांगते की हे भूल देण्याच्या खात्यात आहेत. ते खोटं नाही. फक्त ज्यांना भूल देतात ती माणसं नव्हेत, डुकरं आहेत, हे मी ओळख जरा वाढल्यावर सांगते.

मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या अंगाला एक बुटकी, लांबलचक इमारत आहे. खिडक्या छताला लागून, दारं दुहेरी, आणि आत पाऊल टाकलं की फिनेल आणि ओल्या कोंड्याचा वास. माणसावर करण्याआधी नवी शस्त्रक्रिया तिथे जनावरावर करून पाहतात. पोटाच्या कामाला डुक्कर घेतात, कारण आपलं पोट आणि डुकराचं पोट यांत फारसा फरक नसतो. हे कळल्या दिवशी लेकीने बाबांच्या ताटाकडे अशी काही नजर टाकली, की यांनी दुसऱ्यांदा भात मागितलाच नाही.

हे मुळात माणसांच्या बाजूला होते. आधी अवजारं धुवायचे, मग शिकून भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली गेले. तिथून मागच्या इमारतीत स्वतःहून बदली मागून घेतली. मी डोक्याला हात लावला. म्हटलं, "अहो, माणसं सोडून डुकरांत? लोक काय म्हणतील?" हे म्हणाले, "माणसं भुलीतून उठली की आधी भांडतात. डुक्कर उठलं की आधी माझ्याकडे बघतं." कपाळ माझं, म्हटलं.

तिथे जनावरांना नावं ठेवायची नाहीत असा नियम आहे. कानात बिल्ला, त्यावर आकडा, संपलं. हे नियम मोडणारे नव्हेत. पण आकड्याने हाक मारायला जीभ वळेना, म्हणून यांनी सगळ्यांना एकच नाव दिलं, पाहुणा. मादी असली तर पाहुणी. "आज दोन पाहुणे आले." "पाहुणी काल जेवली नाही." आमच्या घरी नातेवाईक आले असताना हे असं काही बोलले की पंचाईत व्हायची. एकदा माझ्या थोरल्या बहिणीसमोर म्हणाले, "पाहुणीचं वजन भलतंच वाढलंय," आणि ताई त्या दिवशी जेवायला थांबली नाही.

आता मुख्य गोष्ट. यांच्या इमारतीत एक सर्जनबाई आल्या. वयाने आमच्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या, अंगाने एवढ्याशा. टेबलाशी लाकडी पाट ठेवून त्यावर उभ्या राहून काम करायच्या. त्यांनी कामाला हाच आजार धरला होता, पोटातलं पाणी वर येण्याचा. एके दिवशी हे घरी आले ते अगदी खुळावल्यासारखे. जेवायला बसले आणि जेवेचनात.

"काय झालं?" मी विचारलं.

"आज दार बघितलं," म्हणाले.

"कुठलं दार?"

मग मला नीट सांगायला लागले. बाईंनी कॅमेऱ्याची नळी पाहुण्याच्या तोंडातून पोटात घातली आणि आत गेल्यावर तिचं तोंड मागे वळवलं, जिथून आली तिकडे. पडद्यावर दिसलं ते पोटाच्या आतून दिसणारं दार. "दार म्हणजे झडप-बिडप काही नाही गं. नुसती मांसाची मूठ. गुलाबी, ओली. नळीभोवती अशी आवळून धरलेली." यांनी माझं मनगट आपल्या मुठीत धरून दाखवलं. "बाईंनी वरून थोडं पाणी सोडलं. मूठ उघडली, पाणी आत घेतलं, मिटली. मग पोटात हवा भरली. हवा जरा जास्त झाल्यावर मूठ एवढीशी उघडली, हवा सोडली, पुन्हा मिटली. पाण्याचा थेंब वर जाऊ दिला नाही. वारा कुठला आणि पाणी कुठलं, हे तिला कळतं कसं? तिला डोळे नाहीत, कोणी सांगणारं नाही. आणि हे चाललंय रोज, सगळ्यांच्यात, कोणाला पत्ता नसताना."

मी भाजी वाढायची थांबले होते. इतकी वर्षं मी पण गिळते आहे, ढेकर देते आहे; मला कधी वाटलं नव्हतं की आत कोणी बसून हे ठरवतं.

"बाकी सगळ्यांच्यात," हे म्हणाले. "माझ्यात नाही."

बाईंचं काम असं असायचं. आधी पाहुण्याची ती मूठ सैल करायची, म्हणजे त्याला यांचाच आजार द्यायचा. नाकातून बारीक तार घालून अन्ननलिकेत किती आम्ल चढतं ते मोजायचं. मग दुरुस्ती करायची आणि पुन्हा मोजायचं. दुरुस्तीची जुनी रीत अशी, की पोटाचा वरचा मऊ भाग ओढून अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती पूर्ण गुंडाळायचा, गळ्याला मफलर गुंडाळतात तसा, आणि टाके घालायचे. पोट भरलं की मफलर आपोआप आवळतो आणि पाणी वर येत नाही.

जुन्या रीतीने केलेल्या पाहुण्यांचं आम्ल खरोखर थांबलं. पण काहींचा ढेकरही थांबला. गिळलेली हवा आत जाते आणि बाहेर येत नाही, मग पोट ढोलासारखं टणक. एक पाहुणा त्यातच गेला. आगीतून उठून फुफाट्यात! तो यांच्या समोर गेला. त्या दिवसापासून यांच्या मनाने घेतलं ते घेतलंच.

कारण पुढच्या अंगाच्या, माणसांच्या रुग्णालयातले डॉक्टर यांनाही तेच सांगत होते, शस्त्रक्रिया करून घ्या म्हणून. बाईंनीही समजावलं. "काका, माणसांत इतकं होत नाही. थोडे दिवस पोट जड राहतं, मग बहुतेकांची सवय होते." हे नुसती मान हलवायचे. घरी येऊन मला म्हणायचे, "बाईंनी कागदावर बघितलंय. मी त्याच्या पोटावर हात ठेवून बसलो होतो."

मी म्हणायचे, "अहो, ज्याचं जळतं त्याला कळतं, हे मला मान्य. पण जळतंय ते विझवून तरी घ्या."

"आणि फुगलो म्हणजे?"

"मग फुगा! निदान आडवे तरी व्हाल."

हसण्यावारी नेत होतो आम्ही, पण त्या थंडीत हसू संपलं. झोपेत हे उशांवरून घसरले. आंबट पाणी श्वासनलिकेत गेलं आणि छाती भरली. दोन आठवडे नाकाला नळी. घरी सोडताना छातीच्या डॉक्टरांनी मला खोलीबाहेर बोलावून सांगितलं, "पुन्हा असं झालं तर फुप्फुसं साथ देतील असं मी म्हणू शकत नाही." घरी आल्यावर मी यांच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, "करून घेणार की नाही? आज सांगा."

हे म्हणाले, "बाई नवी रीत काढतायत. पूर्ण नाही गुंडाळायचं, थोडी फट ठेवायची. त्या रीतीने केलेल्या एका तरी पाहुण्याचा ढेकर मी माझ्या कानाने ऐकला, की मी टेबलावर जाईन. वचन."

म्हणजे माझ्या संसाराचा दोर कुठे बांधला गेला बघा! एका डुकराच्या ढेकराला.

नव्या रीतीची पहिली पाहुणी मागचे पाय पांढरे असलेली होती, असं हे सांगायचे. तिला भूल यांनीच दिली. बाईंनी पाटावर उभं राहून टाके घातले आणि शेवटी म्हणाल्या, "काका, आता हिच्यावर आहे सगळं." खेपेतल्या बाकीच्या पाहुण्यांना थांबवून ठेवलं होतं. ही निभावली तर पुढे, नाहीतर ती रीत बाद.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी पाहुणीचं पोट फुगायला लागलं.

हे घरी आले ते चेहरा पाडून. जनावरांच्या डॉक्टरांनी तोंडातून नळी घालून एकदा हवा काढून दिली होती. त्या इमारतीत जनावराच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा, बाईंचाही त्यापुढे चालत नाही. तिसऱ्या दिवशी ती दुसऱ्यांदा फुगली तेव्हा त्यांनी पुन्हा नळी घातली आणि सांगितलं, "उद्या दुपारपर्यंत बघू. आपणहून सुटली तर ठीक. नाहीतर तिला असं तडफडत ठेवता येणार नाही." त्या संध्याकाळी हे घरी आलेच नाहीत. फोन केला तर म्हणाले, "मी हिच्याजवळ बसतो."

"तिथे तुम्हाला उशा कोण देणार?"

"मी झोपणारच नाही, तर उशा कशाला?"

सकाळ झाली तरी पत्ता नाही. छाती नुकतीच भरून गेलेला माणूस त्या गार फरशीवर बसलाय, या विचाराने माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांत मी त्या इमारतीत पाऊल ठेवलं नव्हतं. त्या दिवशी डबा भरला आणि निघाले. लेक म्हणाली, "आई, भांडू नकोस तिथे." मी म्हटलं, "मी कशाला भांडतेय?" आणि रस्ताभर काय काय बोलायचं ते जुळवत गेले.

दारावरच्या रखवालदाराने आत फोन करून विचारलं, मग मला झगा दिला, टोपी दिली, चपलांवर चढवायला कापडी पिशव्या दिल्या. आरशात बघितलं तर मी भाजीच्या पोत्यासारखी दिसत होते. त्याने मला दोन दारांतून नेलं आणि शेवटच्या खोलीशी सोडलं.

खोलीत लोखंडी गजांचे कप्पे. कोपऱ्यातल्या कप्प्यात भिंतीला पाठ लावून पाहुणी एका कुशीवर पडली होती. मी डुक्कर कधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. केवढं मोठं ते धूड, आणि पापण्या मात्र एखाद्या नव्या नवरीसारख्या लांब, पांढुरक्या. पोट टणटणीत वर आलेलं. नाकाशी पट्टीने चिकटवलेली तार, ती गजावर टांगलेल्या लहानशा यंत्रात गेलेली. आणि तिच्या पोटाशी बुटक्या स्टुलावर बसलेले आमचे हे. एका हाताने तिचं पोट चोळतायत, दुसऱ्या हातात चमचा, चमच्यात पातळ लापशी. पडल्या पडल्या तिला भरवताना मध्येच थांबलेले. डोळे लाल. मला यांनी कधी चमच्याने भरवलेलं आठवत नाही.

मला पाहून हे बोटाने खुणावत म्हणाले, "शू. आत्ताच जरा डोळा लागलाय तिचा."

झालं. रस्ताभर जुळवलेलं सगळं बाजूला राहिलं आणि तोंडाला येईल ते बाहेर पडलं. "डोळा लागलाय? तिचा? आणि तुमचा कधी लागायचा? वीस वर्षं मी उशा रचतेय, वीस वर्षं मी रात्रीबेरात्री खोकला ऐकून उठतेय, आणि तुम्ही इथे डुकरिणीला अंगाई म्हणताय? परवा छाती भरली होती तुमची! मला विधवा करून हिला जगवायचंय का?"

माझा आवाज मुळात बारीक नाही. त्या फरशीच्या खोलीत तो असा घुमला की मीच दचकले. पाहुणीने डोळे उघडले. अनोळखी बाई, अनोळखी आवाज, हातात लखलखता डबा. ती घाबरली. चारी पाय झाडले, यांचा चमचा उडाला, स्टूल कलंडलं, हे भिंतीला टेकले आणि ती धडपडत, घसरत, कशीबशी चार पायांवर उभी राहिली. मान खाली घातली.

आणि मग तो आला.

ढेकर म्हणू का त्याला? विहिरीच्या तळाशी कोणी जड शिळा सरकवावी तसा आवाज. खोल, लांब, संपता संपेना. त्याच्या पाठोपाठ दुसरा. मग लहान लहान तीन-चार, एकामागून एक. माझ्या डोळ्यांदेखत त्या जनावराचं ताणलेलं पोट सैल पडत गेलं आणि बरगड्यांखाली पुन्हा आपल्या जागी बसलं. शेजारच्या कप्प्यांतली डुकरंसुद्धा क्षणभर गप्प झाली. पाहुणीने अंग झटकलं, फरशीवर सांडलेली लापशी हुंगली आणि चाटायला लागली.

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. देवळात घंटा वाजून थांबली की मागे जी शांतता राहते, तसं काहीतरी झालं होतं. हे भिंतीला टेकून बसलेले, टोपी वाकडी, अंगावर लापशी, तोंड उघडं. माझ्याकडे बघत नव्हते, पाहुणीकडेही नाही. त्या यंत्राकडे बघत होते.

"अगं," बसल्या आवाजात म्हणाले, "आकडा हलला नाही."

मला काय कळणार? "म्हणजे?"

"वारा आला. पाणी नाही आलं. थेंबसुद्धा नाही. हाताने शिवलेल्या मुठीला कळलं गं, वारा कुठला आणि पाणी कुठलं."

आवाज ऐकून बाई धावत आल्या. यंत्राकडे बघितलं, पाहुणीच्या पोटावर हात फिरवला, बोटांनी टिचकी मारून ऐकलं. मग मान वर करून यांना विचारलं, "ही कधीपासून अशी पडून होती, काका?"

"परवापासून. आजारी होती."

"मी तिला चालवायला सांगितलं होतं."

"दुखत होतं तिला. उठवायचं जीवावर आलं. पोट चोळलं की बरं वाटायचं, लगेच आडवी व्हायची."

"रोज याच कुशीवर?"

"भिंत आहे ना त्या बाजूला. माझ्याकडे पोट करून पडायची."

बाईंनी एक मोठा श्वास सोडला. मग आपला तळहात पोटासारखा धरून त्यांनी आम्हा दोघांना दाखवलं. या कुशीवर पडलं की पोटातलं पाणी दाराशी साचतं आणि हवा वरच्या बाजूला अडकते. दार पाण्याखाली जातं. मूठ शहाणी आहे, पाणी वर सोडायचं नाही हे तिला कळतं, म्हणून ती मिटून बसते. उभं राहिलं की हवा दाराशी येते आणि मूठ उघडते. "ती परवापासून तिचं काम चोख करत होती, काका. तुम्ही तिला लाडाने बुडवून ठेवलं होतंत."

करायला जावं एक आणि व्हावं भलतंच! पोट चोळून चोळून या माणसाने त्या पाहुणीला मरणाच्या दारात नेलं होतं, आणि मी भांडून तिला परत आणलं. हे मी पुढे वर्षभर चारचौघांत सांगितलं. पण त्या घडीला बोलले नाही, कारण यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला होता.

पाहुणी जगली. दुसऱ्या दिवसापासून हे तिला दोरी न लावता, नुसतं पुढे चालत, कप्प्यांमधल्या गल्लीत फेऱ्या मारायला न्यायचे आणि ती ढेकर देत मागून यायची. खेपेतल्या बाकीच्या पाहुण्यांचंही तसंच केलं. एकही फुगला नाही. घरी आले की मला आकडे सांगायचे, आणि डबा घेऊन उभ्या राहिलेल्या त्या भाजीच्या पोत्याची माझ्यासमोर नक्कल करायचे. तसे सुखाचे दिवस आमच्याकडे फार वर्षांत आले नव्हते.

पण पाहुणी ती पाहुणीच. दोन महिन्यांनी एका दुपारी हे लवकर घरी आले, हातपाय धुतले, आणि खिडकीशी बसून राहिले. मला आधी वाटलं, पित्त झालं. मग कळलं. टाके आतून कसे भरले, मांस कुठे खराब झालं का, हे उघडून, काचेखाली धरून पाहिल्याशिवाय माणसाला हात लावता येत नाही. तसा नियम आहे आणि तो बरोबरही आहे. त्यासाठी जनावराला शेवटची भूल द्यावी लागते.

"कोणी दिली?" मी विचारलं, पण मला माहीत होतं.

"मी."

माझा संताप झाला. "काय माणूस आहात तुम्ही! त्या दिवशी तिच्यासाठी जीव टाकत होतात. चमच्याने भरवत होतात. आणि त्याच हाताने? दुसरं कोणी नव्हतं का तिथे?"

"होते की."

"मग?"

"दुसरा कोणी गेला असता तर ती घाबरून उठली असती," हे म्हणाले. "मी गेलो तर पोट पुढे करून पडली."

मी आत जाऊन चहा केला, तो यांनी प्यायला नाही. दिवे लागायच्या सुमाराला आपणहून बोलायला लागले. बाईंनी सगळं झाल्यावर यांना बोलावून पाहुणीचं ते दार हातात दिलं होतं. "मला टाके सापडेनात," म्हणाले. "कॅमेऱ्यातून शिवताना मी बघितले होते ते, निळा धागा, एकेक टाका. हातात धरलं तर सगळं एकजीव. देवाने केलेलं कुठे संपतं आणि बाईंनी केलेलं कुठे सुरू होतं, काही कळेना. तिच्या अंगाने ते आपलं म्हणून घेतलं होतं. दोन महिन्यांत, कोणाला न विचारता." मग म्हणाले, "मी जाणार टेबलावर. वचन दिलंय."

आता माणसावर करायचं म्हणजे आज ठरवलं, उद्या केलं असं नसतं. परवानग्या, समित्या, पुन्हा परवानग्या. दोन वर्षं गेली. ती दोन वर्षं मी कशी काढली, ते माझं मला ठाऊक. यांना खोकला आला की मी अंथरुणात उठून बसायचे. पहिली काही माणसं निभावली, मग यांचा विचार झाला. बाईंनी स्वतः यांना विचारलं नाही. म्हणाल्या, "काका माझ्या हाताखाली काम करतात, मला नाही म्हणायचा त्यांना संकोच वाटेल," आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या डॉक्टरांनी धोके एकेक करून सांगितले. हे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हे सगळं मी बघितलंय, साहेब. सही कुठे करू?"

त्या दिवशी सकाळी ढकलगाडीवर यांना नेताना मी बरोबर दारापर्यंत गेले. भूल देणाऱ्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या, हसऱ्या. त्या म्हणाल्या, "काका, आता उलटे आकडे मोजा." हे म्हणाले, "माझे पाहुणे कधी मोजत नाहीत हो," आणि माझा हात सोडला. दार लागलं. बाहेरच्या बाकावर बसून मी सगळे देव आठवले, आणि खोटं कशाला सांगू, ती पांढऱ्या पायांची पाहुणीही आठवली. तिच्याकडेही मागितलं.

झालं सगळं नीट. तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरांनी आज पाठ सपाट करायला सांगितलंय." त्या पलंगाच्या पायाशी वाकून दांडा फिरवायला लागल्या. यांनी दोन्ही बाजूंचे गज घट्ट धरले. पाठ खाली खाली जायला लागली. मी तसराळं घेऊन उशाशी उभी, इतक्या वर्षांची सवय. हे छताकडे बघत होते, जबडा आवळलेला, गळ्याची शीर ताठ. कुठल्याही क्षणी पाणी येणार, या तयारीत.

पलंग पूर्ण सपाट झाला. सिस्टर निघून गेल्या. आम्ही दोघं वाट बघत राहिलो. बाहेर कोणाची तरी ढकलगाडी गेली, कोणीतरी कोणालातरी हाक मारली. पाणी आलं नाही. यांनी एक गज सोडला, मग दुसरा. हात छातीखाली, पोटाच्या वरच्या टोकाशी नेऊन ठेवला आणि तसाच राहू दिला.

"मिटलीय," म्हणाले.

मी तसराळं खाली ठेवलं. यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं दुखतंय, म्हणून वाकले.

"मी त्या पाहुणीला उठू द्यायला हवं होतं गं," हे म्हणाले. "आधी. दोन दिवस बिचारी पडून होती."

उभ्या माणसाचं रडू गालावरून येतं. हे सपाट पडलेले, त्यामुळे पाणी दोन्ही डोळ्यांतून निघून सरळ कानात जात होतं. मी टॉवेलच्या टोकाने एक कान पुसला, मग दुसरा.

"दोन्ही कान भरलेत," मी म्हटलं. "थोडा वेळ उठवून बसवू का?"

"नको," हे म्हणाले.